हळर्णची पदवी : दों पेद्रो मिगेल द आल्मेदा यांचे चरित्र

वृत्तपत्राच्या उपसंपादकाला काही दुरुस्त्या हाताला वळण पडल्यासारख्या कराव्या लागतात. पेडणे तालुक्यातून इंग्रजीत आलेल्या मजकुरात ‘अलोर्णा’ असे लिहिलेले असते. आम्ही तेथे ‘हळर्ण’ करतो. पोर्तुगीज भाषेत शब्दारंभीचा ‘ह’ उच्चारला जात नाही आणि ‘ळ’ हा वर्ण तर त्या भाषेला ठाऊकच नाही. म्हणून हळर्णचा आलोर्न झाला, इंग्रजीतून तो अलोर्णा होऊन परत आला आणि सरकारी फलकांवर स्थिरावला. दुरुस्ती एका क्षणाची असते. परंतु या अपभ्रष्ट रूपाने शापोरा नदीच्या काठावरून निघून केवढा प्रवास केला, हे कळल्यापासून ती करताना माझा हात किंचित थबकतो. या गावाच्या नावाने आमच्याकडे हळर्णकर हे आडनाव झाले. त्याच नावाने पोर्तुगालात उमरावांचे एक घराणे झाले. त्या घराण्याचा मूळपुरुष दों पेद्रो मिगेल द आल्मेदा ई पुर्तुगाल हा १७४४ ते १७५० या काळात गोव्याचा व्हाइसरॉय होता.

गोव्याच्या इतिहासाच्या पुस्तकांत तो मार्केज द आलोर्ना म्हणून भेटतो आणि एका परिच्छेदात आटोपतो. हळर्ण, डिचोली, सांखळी, तेरेखोल ही ठाणी घेतली, भोसल्यांना नमवले, पदवी मिळवली, एवढेच. मात्र त्याचे आयुष्य तीन खंडांत पसरलेले आहे आणि हळर्णच्या तटाशी तो आला तेव्हा त्याचे वय सत्तावन्न वर्षांचे होते. त्याआधी काय घडले होते, हे पाहिल्याशिवाय त्या मे महिन्यातील हल्ल्याचा अर्थ नीट लागत नाही.

त्याचा जन्म १६८८ मध्ये लिस्बनचा. वडील आसुमारचे काउंट, दरबारातील वजनदार गृहस्थ आणि पुढे कातालोनियात पोर्तुगालचे राजदूत. अठराव्या शतकाच्या आरंभी स्पेनच्या गादीचा वारस कोण, या प्रश्नावरून अवघा युरोप लढत होता. पोर्तुगालने ऑस्ट्रियाच्या राजपुत्राची बाजू घेतली आणि तरुण पेद्रो त्या सैन्यात दाखल झाला. १७१० साली ऑगस्टमध्ये सारागोसाच्या लढाईत त्याच्या पक्षाचा विजय झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात व्हिल्याव्हिसिओसाच्या लढाईत पारडे फिरले. विजय आणि माघार या दोन्ही गोष्टी त्याने अवघ्या चार महिन्यांत अनुभवल्या.

ते युग युरोपात किल्ल्यांच्या शास्त्राचे युग होते. मध्ययुगातील उंच, सरळसोट भिंतींचे आणि गोल मनोऱ्यांचे कॅसल तोफेपुढे निरुपयोगी ठरून दोन शतके लोटली होती. उंच भिंत म्हणजे तोफेला आयते लक्ष्य. म्हणून इटालियन स्थापत्यकारांनी तट खाली बसवले, ते मातीने भरून रुंद केले आणि कोपऱ्यांतून बाणाच्या टोकासारखे बुरूज पुढे काढले. एका बुरुजावरील तोफ शेजारच्या बुरुजाच्या पायथ्याला मारा करू शकेल आणि हल्लेखोराला लपायला कोनाडा उरणार नाही, हे त्यामागचे गणित. फ्रान्सच्या वोबाँने या गणिताला तितकेच काटेकोर उत्तर शोधले. तटाला समांतर खंदक खणत, टप्प्याटप्प्याने तोफा पुढे सरकवत किल्ला घेण्याची पद्धत त्याने बसवली. पेद्रोच्या पिढीतील प्रत्येक अधिकाऱ्याचे शिक्षण या दोन गणितांत झालेले होते. आमच्याकडे आग्वाद किंवा रेइश मागुशच्या तटावर उभे राहिले की या शास्त्राची गोमंतकीय आवृत्ती दिसते. दगड जांभा, आराखडा युरोपचा.

युद्ध संपले आणि १७१७ साली त्याची नेमणूक ब्राझीलमध्ये झाली. साओ पावलो आणि सोन्याच्या खाणींचा प्रदेश, म्हणजे मिनास, यांचा तो गव्हर्नर झाला. साओ पावलोहून खाणींकडे जाताना तो ग्वारातिंगेता या गावी थांबला. गव्हर्नरच्या मेजवानीसाठी मासे हवेत म्हणून तीन कोळ्यांना पारायबा नदीत धाडण्यात आले. मासे मिळेनात. जाळ्यात मातीची एक मस्तकहीन मूर्ती आली आणि पुन्हा जाळे टाकल्यावर तिचे मस्तक आले. त्यानंतर जाळी माशांनी भरली, असे तेथील परंपरा सांगते. तीच आपारेसिदाची माता. आज ती ब्राझीलची संरक्षक देवता मानली जाते आणि तिच्या मंदिरात दरवर्षी लक्षावधी भाविक जातात. ज्याच्या ताटासाठी हे सारे घडले, त्या गव्हर्नरची आठवण तेथे कथेच्या प्रस्तावनेपुरतीच उरली आहे. पुढे ज्याचे नाव पेडण्यातील एका गावाला चिकटले, तो मनुष्य ब्राझीलच्या सर्वांत मोठ्या तीर्थाच्या कथेतही असावा, हे मला प्रथम वाचनात खरे वाटले नव्हते.

खाणींच्या प्रदेशातील त्याची दुसरी आठवण भक्तिभावाची नाही. राजाला सोन्याचा पाचवा हिस्सा हवा होता आणि तो चुकवला जाऊ नये म्हणून सरकारी भट्ट्यांतच सोने वितळवण्याचा कायदा झाला. जून १७२० च्या अखेरीस व्हिला रिका येथे, म्हणजे आजच्या ओरो प्रेतोमध्ये, लोक उठले. गव्हर्नरने प्रथम मागण्या मान्य केल्यासारखे दाखवले आणि जमाव शांत होऊ दिला. जुलैच्या मध्यास तो सैन्य घेऊन शहरात शिरला, बंडातील एका पुढाऱ्याची डोंगरावरची वस्ती जाळून टाकली आणि फिलिपे दोस सांतोस याला फाशी देऊन त्याच्या देहाचे तुकडे करविले. जळालेल्या त्या टेकडीला आजही ‘जळकी टेकडी’ याच अर्थाचे नाव आहे. या कृत्याचे समर्थन करणारे एक दीर्घ लिखाणही त्याच्या बाजूने सिद्ध झाले. हत्यार चालवल्यानंतर लेखणीही चालवायची, हा त्याचा पिंड तेथेच दिसतो.

१७२१ मध्ये तो परतला, परंतु राजा पाचवा जुआंव त्याच्यावर प्रसन्न नव्हता आणि बरीच वर्षे त्याला दरबारापासून दूर राहावे लागले. राजाचे काम केले आणि राजाचीच मर्जी गेली, अशा अवस्थेत त्याचे मध्यम वय सरले. गोव्यात संकट आले नसते तर त्याला पुन्हा मोठी संधी मिळाली असती की नाही, याची शंका वाटते.

ते संकट १७३९ चे. मे महिन्यात चिमाजीअप्पांनी वसई घेतली आणि उत्तर कोकणातील पोर्तुगीज सत्ता संपुष्टात आली, हे सर्वश्रुत आहे. त्याच वर्षी व्यंकटराव घोरपड्यांची फौज साष्टीत उतरली होती आणि बार्देशात कुडाळ-सावंतवाडीचे भोसले शिरले होते, हे वसईच्या छायेत झाकले जाते. आग्वाद आणि रेइश मागुश वगळता बार्देश भोसल्यांच्या ताब्यात गेला होता. १७४१ मध्ये लोरिसालचा मार्केज नवी फौज घेऊन आला आणि त्याने बार्देश परत घेतला. शापोऱ्याचा किल्ला १७१७ साली ज्याने नव्याने बांधला, तोच हा गृहस्थ, व्हाइसरॉय म्हणून दुसऱ्यांदा आलेला. परंतु वर्षभरातच, जून १७४२ मध्ये, तो येथेच वारला. राज्य वाचले होते, पण दरारा गेला होता. तो परत मिळवण्यासाठी लिस्बनने आसुमारच्या काउंटची आठवण काढली. निघताना त्याला मार्केजची पदवी देण्यात आली. ती होती कास्तेलु नोव्हु. या दोन शब्दांचा अर्थ नवा किल्ला. पदवी देणाऱ्याच्या मनात काही श्लेष असेल असे नाही, पण पुढे जे झाले ते या नावाला साजेसेच झाले.

सप्टेंबर १७४४ मध्ये तो गोव्यात दाखल झाला. पणजी अजून राजधानी व्हायची होती. सिमेवर पाहावे तर उत्तरेला भोसले, घाटावर पेशव्यांचे राज्य, पूर्वेला आणि दक्षिणेला सौंदेकर, समुद्रावर आंग्रे. यांतील पेशव्यांशी टक्कर घेण्याची पोर्तुगीजांची ताकद नव्हती, हे त्याने ओळखले. भोसले मात्र आवाक्यातले होते. पोर्तुगीज कागदांत ज्यांना ‘बोन्सुलु’ म्हटले आहे, ते हेच. सावंतवाडीच्या गादीवर तेव्हा रामचंद्र सावंत होते आणि कारभाराची खरी सूत्रे त्यांचे चुलते जयराम सावंत यांच्या हाती होती. जयराम सावंत हे कसलेले लढवय्ये होते. पुढे त्यांनी कुडाळपाशी तुळाजी आंग्र्यांचा पराभव केला, यावरून त्यांच्या बळाची कल्पना यावी. तेव्हा व्हाइसरॉयने दुबळा प्रतिस्पर्धी निवडला असे म्हणणे बरोबर होणार नाही.

भोसल्यांना युरोपीय हत्यारे अपरिचित होती, असेही कोणी समजू नये. सरळ, लांब, दुधारी युरोपीय पाते आणि त्याला देशी मूठ, अशा तलवारीला आपल्या भाषेत ‘फिरंग’ हे नावच पडले होते. पाती स्पेन-जर्मनीकडून पोर्तुगीज व्यापाऱ्यांच्या हातून कोकणाच्या बंदरांत यायची आणि येथील सरदार ती मानाने बाळगायचे. शिवाजी महाराजांची एक नामांकित तलवार कुडाळच्या सावंतांकडून आली, अशी परंपराही आहे. युरोपातील पाते घेऊन युरोपीयांशीच लढणारा मराठी शिपाई ही त्या शतकातली नित्याची गोष्ट होती. जे सहज विकत मिळत नव्हते, ते होते तोफखान्याचे आणि वेढ्याचे शास्त्र.

हळर्णचा किल्ला नदीच्या काठावर आहे. ही नदी वर घाटाकडे तिळारी म्हणून ओळखली जाते, इब्रामपूर, हळर्ण अशी गावे ओलांडत कोलवाळकडे जाते आणि शापोरा नावाने समुद्राला मिळते. पोर्तुगीजांच्या जुन्या काबिजादीची, म्हणजे बार्देशची, उत्तर सीमा याच नदीने आखलेली होती. तिच्या खालच्या भागाला पोर्तुगीजांची ठाणी होती : कोलवाळ, थिवी, तोंडाशी शापोरा. खोर्जुवेचे बेट त्यांनी भोसल्यांकडून घेऊन १७०५ मध्ये तेथे किल्ला बांधला होता. वरच्या भागात हळर्णला भोसले. सावंतवाडीहून डिचोलीकडे किंवा बार्देशकडे उतरणाऱ्या फौजेला हळर्ण म्हणजे हक्काचा थांबा. नकाशावर बोट ठेवले की व्हाइसरॉयने सुरुवात येथूनच का केली, हे समजते. हे ठाणे काढून घेतले की डिचोली सावंतवाडीपासून तुटते.

आपल्याकडचे असे भुईकोट युरोपीय गणिताने बांधलेले नसत. बुरूज बहुधा गोल असत, तट जांभ्याचा, आणि संरक्षणाचा मोठा वाटा नदी, दलदल आणि झाडी यांच्यावर सोपवलेला. चाल करून येणाऱ्या घोडदळापुढे आणि पायदळापुढे ही रचना पुरेशी होती. शिस्तीत येणाऱ्या युरोपीय पलटणी आणि त्यांच्या तोफा यांच्यापुढे तिची परीक्षा वेगळी होती.

५ मे १७४६ रोजी हल्ला झाला आणि हळर्ण पडले. ही तारीख विचार करण्याजोगी आहे. मेच्या पहिल्या आठवड्यानंतर पावसाळ्याला जेमतेम महिना उरतो. एकदा नद्या फुगल्या की घाटावरून मदत येत नाही, दर्या बंद झाला की गलबते हलत नाहीत. जे ठाणे मेमध्ये घेतले, ते पावसाळा संपेपर्यंत परत घेणे शत्रूला जवळपास अशक्य होते. कोकणातला कोणताही शेतकरी हा हिशेब बोटांवर करून दाखवील. परदेशातून येऊन दोन पावसाळे न होतात तोच व्हाइसरॉयला तो उमगला होता, याचे श्रेय त्याला द्यायलाच हवे. त्याच मोहिमेत डिचोली आणि सांखळी गेली. डिचोलीजवळ नार्वे येथे शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये उभारलेले सप्तकोटेश्वराचे मंदिर आहे. ज्या मुलखाकडे पोर्तुगीजांच्या छळापासून वाचवलेले देव आश्रयाला आले होते, त्या मुलखावर आता पोर्तुगीज निशाण चढले. डिचोलीच्या लोकांना त्या पावसाळ्यात काय वाटले असेल, हे सांगणारा कागद माझ्या वाचनात नाही. पोर्तुगीज बाजूचे कागद मात्र भरपूर आहेत.

पाऊस सरल्यावर मोहीम किनाऱ्याकडे वळली. २३ नोव्हेंबर १७४६ रोजी तेरेखोलचा किल्ला शरण आला. सतराव्या शतकात खेम सावंतांनी नदीच्या मुखावर, उत्तर तीरावर तो बांधला होता. भोसल्यांच्या गलबतांचा आडोसा म्हणजे ही नदी. तेरेखोल गेले म्हणजे त्यांचा आरमारी हात दुखावला. त्यापाठोपाठ रेडीचा यशवंतगड पोर्तुगीजांच्या हाती पडला आणि १७४८ मध्ये निवतीही. अडीच वर्षांत पोर्तुगीजांनी शापोऱ्याच्या काठावरून निवतीच्या समुद्रापर्यंत मजल मारली होती.

या विजयांचा गाजावाजा लिस्बनमध्ये कसा झाला, तो भाग माझ्या व्यवसायाशी संबंधित असल्याने मला विशेष रोचक वाटतो. हळर्ण, डिचोली, मोर्ले, सत्तरी, तेरेखोल, रेडी अशी गावांची नावे मथळ्यात घेऊन १७४७ साली लिस्बनमध्ये एक पुस्तिका निघाली. नावे अर्थातच आलोर्ना, बिशोलीं, तिराकोल अशा रूपांत. ‘गाझेता द लिस्बोआ’ या वृत्तपत्राचा संपादक मोंतेरोयु माश्कारेन्यश याने तर या व्हाइसरॉयच्या प्रवासावर आणि पराक्रमांवर ‘एपानाफोरा इंदिका’ नावाची पुस्तिकांची मालाच चालवली. १७४६ ते १७५२ या काळात तिचे सहा भाग छापले गेले. वसई गमावून खजील झालेल्या राजधानीला चांगली बातमी हवी होती आणि संपादकाने ती हप्त्याहप्त्याने पुरवली. सावंतवाडीकडे छापखाना नव्हता. पेडणे-डिचोलीतील त्या लढाईची जगाने वाचलेली बातमी एकाच बाजूने लिहिलेली होती आणि आजही इतिहासाच्या पुस्तकांत उतरते ती प्रामुख्याने तीच बातमी.

१७४८ मध्ये राजाने कास्तेलु नोव्हु ही पदवी बदलून त्याला मार्केज द आलोर्ना केले. पोर्तुगालमधील नावाच्या जागी हिंदुस्थानातील एका गावाचे नाव आले. वसईसारखे शहर हातचे गेल्यावर पेडण्यातील एका नदीकाठच्या भुईकोटाला एवढे मोल यावे, यातच त्या काळची पोर्तुगीज अवस्था दिसते. मात्र त्या मनुष्याच्या दृष्टीने पाहिले तर, व्हिला रिकाच्या बंदोबस्तानंतर जी मर्जी गेली होती ती अठ्ठावीस वर्षांनी हळर्णने परत मिळवून दिली होती.

१७५० साली त्याने आपल्या जागी आलेल्या व्हाइसरॉयच्या हाती कारभार सोपवला आणि त्यासोबत एक लांबलचक सूचनापत्रही. माझ्या मते त्याच्या गोव्यातील साऱ्या कर्तृत्वात टिकाऊ ठरले ते हे सूचनापत्र. शेजारचा प्रत्येक राजा कोण, त्याच्या दरबारात कोणाचे चालते, कोणाशी कसे वागावे, मराठ्यांपासून किती अंतर राखावे, इंग्रज-फ्रेंचांकडे कसे पाहावे, याचे तपशीलवार विवेचन त्यात आहे. एकोणिसाव्या शतकात फिलिप नेरी शाव्हियेर यांनी ते गोव्यात छापले. मराठ्यांच्या इतिहासाचे साधन म्हणूनही त्याचे मोल आहे. पोर्तुगीज दप्तरखान्यात आयुष्य घालवलेल्या डॉ. पांडुरंग पिसुर्लेकरांच्या ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ या ग्रंथानंतर तरी मराठी वाचकाला अशा कागदांचे महत्त्व वेगळे सांगायला नको. शत्रूने शत्रूविषयी केलेली ही टिपणे आहेत. ती आकसाची असतील, पण डोळे उघडे ठेवून केलेली आहेत.

सूचनापत्र ज्याच्यासाठी लिहिले, तो ताव्होराचा मार्केज फ्रांसिश्कु द आसिस हा त्याचा व्याहीच होता. आल्मेदाचा मुलगा जुआंव याचे लग्न ताव्होराच्या मुलीशी झाले होते. ऑक्टोबर १७५० मध्ये या दांपत्याला लिस्बनमध्ये मुलगी झाली, तेव्हा तिचा एक आजोबा व्हाइसरॉयपद उतरलेला आणि दुसरा नुकताच त्या पदावर चढलेला होता. दोन्ही आजोबांच्या भाग्याची ती परमावधी म्हणता येईल.

आलोर्नाचा पहिला मार्केज मायदेशी परतला तेव्हा त्याला पदवी देणारा राजा जिवंत नव्हता. नव्या राजाच्या काळात पोंबालचे प्रस्थ वाढत होते. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपाने लिस्बन उद्ध्वस्त झाले आणि त्यानंतर वर्षभराने, नोव्हेंबर १७५६ मध्ये, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी तो वारला. योग्य वेळी गेला, असेच म्हणावे लागते. १७५८ च्या सप्टेंबरात राजावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि आळ ताव्होरा घराण्यावर आला. गोव्याचा माजी व्हाइसरॉय ताव्होरा, त्याची पत्नी आणि मुलगे यांना जानेवारी १७५९ मध्ये बेलें येथे जाहीरपणे देहान्त शासन झाले. दुसरा मार्केज द आलोर्ना केवळ त्यांचा जावई म्हणून तुरुंगात गेला आणि १७७७ पर्यंत तेथेच राहिला. आठ वर्षांची लिओनोर आई आणि बहिणीसह शेलाशच्या मठात डांबली गेली. बंद भिंतींआड वाढलेली ही मुलगी पोर्तुगीज साहित्यातील मान्यवर कवयित्री झाली. आल्सिपे हे तिचे काव्यनाम, आणि वाङ्मयेतिहासात ती ओळखली जाते मार्केझा द आलोर्ना म्हणून. मी मराठी घेऊन पदवीधर झालो. पोर्तुगीज कवितेच्या इतिहासात आपल्या पेडण्यातील गावाचे नाव एका कवयित्रीला चिकटलेले आहे, हे कळायला मला पदवीनंतर दहा वर्षे लागली.

तिचा भाऊ, तिसरा मार्केज, सेनानी होता. नेपोलियनने पोर्तुगीज सैनिकांची एक तुकडी आपल्या सेवेत घेतली, तिचे नेतृत्व त्याच्याकडे होते. १८१२ च्या रशियावरील स्वारीत तो होता आणि त्या माघारीनंतर १८१३ च्या आरंभी क्योनिग्सबर्ग येथे त्याचा अंत झाला. हळर्णचे नाव असे बाल्टिक समुद्राच्या बर्फापर्यंत पोहोचले. पुढे पदवी बहिणीकडे आणि तिच्या वंशातून फ्रोंतेइरा घराण्याकडे गेली. लिस्बनच्या ईशान्येस आल्मेइरीं येथे या घराण्याची जी शेतीवाडी होती, तिलाही आलोर्नाचे नाव मिळाले. तेथील द्राक्षमळे अजून आहेत आणि त्यांच्या वाइनच्या बाटल्यांवर ते नाव आजही छापलेले असते.

आणि खुद्द हळर्ण? येथे एका प्रचलित समजुतीची दुरुस्ती करायला हवी. १७४६ मध्ये मार्केजने किल्ला घेतला आणि पेडणे पोर्तुगीजांचे झाले, असे सर्रास सांगितले जाते. तसे झाले नाही. ज्या विजयावरून पदवी मिळाली, तो विजय जेमतेम पंधरा वर्षे टिकला. व्हाइसरॉय एगाच्या कारकिर्दीत झालेल्या तहाने हळर्ण, डिचोली आणि सांखळी पुन्हा भोसल्यांकडे गेली. रेडी आणि निवती तर त्याआधीच सुटली होती. रेडीचा किल्ला १७६५ मध्ये इंग्रजांनी घेतला आणि त्याला फोर्ट ऑगस्टस असे नाव दिले. म्हणजे दुसरा मार्केज द आलोर्ना तुरुंगात होता, तेव्हा आलोर्नाही पोर्तुगीजांकडे नव्हते. पदवी तेवढी चालू होती.

डिचोली आणि सत्तरी पोर्तुगीजांकडे कायमची गेली ती १७८० च्या दशकात. उरलेले पेडणे आले ते १७८८ मध्ये. कोल्हापूरकरांच्या दडपणाखाली आलेल्या सावंतवाडीच्या खेम सावंतांनी पोर्तुगीजांच्या मदतीच्या बदल्यात जानेवारीत तह करून पेडण्यावरील हक्क सोडला. मराठी राज्यांच्या आपसातील भांडणाने जे दिले, ते तोफांनी मिळवलेल्यापेक्षा अधिक काळ टिकले. पुढची १७३ वर्षे, १९ डिसेंबर १९६१ पर्यंत, आपले तालुके नव्या काबिजादीत गणले गेले. आपल्याकडे देवळे राहिली, मराठी शाळा राहिल्या, घरांतील पोथ्या राहिल्या. जुन्या काबिजादीतील तिसवाडी, बार्देश, साष्टीच्या अनुभवापेक्षा आपला अनुभव वेगळा झाला, तो हा सत्ताबदल इतक्या उशिरा झाला म्हणून. १७४६ चा विजय टिकला असता तर हा हिशेब काय झाला असता, याचा विचार पेडणेकराने आणि डिचोलीकराने एकदा करून पाहावा.

मार्केजच्या जिंकलेल्या ठाण्यांपैकी पोर्तुगीजांकडे अखेरपर्यंत राहिले ते तेरेखोल. नदीच्या पलीकडे, परमुलखाला चिकटलेले ते चिमुकले गाव त्यामुळेच आज गोव्यात आहे. केरीहून फेरीबोटीने तेथे उतरलात की किल्ल्याच्या आत सांत आंतोनीचे चर्च दिसते. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड आफोन्सो यांच्या नेतृत्वाखालील सत्याग्रहींनी याच तटावर तिरंगा चढवला होता.

हळर्णचा किल्ला आज राज्याच्या संरक्षित स्मारकांत आहे. जांभ्याचे तट आहेत, नदी जवळच आहे. पावसाळ्यात तटावर गवत माजते आणि आश्विनानंतर ते पिवळे पडते. पुढच्या खेपेस ‘अलोर्णा किल्ल्या’ची बातमी आली की मी ती हळर्ण करीनच. मात्र तिथला फलक कोणी नव्याने रंगवणार असेल, तर त्यावर ५ मे १७४६ ही तारीख लिहिताना किल्ला परत भोसल्यांकडे गेल्याची एक ओळही लिहावी, एवढी विनंती आहे.